मेनकेचं डावं इंजिन

१

चोरीची खबर फौजदार वामनराव सावे यांना सकाळी पावणेआठला लागली. साडेनऊ वाजेपर्यंत त्यांना चोराचा राग कमी आणि ज्याची चोरी झाली त्याचा जास्त यायला लागला होता.

दांडीच्या खाडीत, डांबर फासलेल्या कोळ्यांच्या होड्यांमध्ये, ‘मेनका’ उभी होती. चोवीस फुटी, पांढरीशुभ्र, कमरेला लाल पट्टा. सारवलेल्या अंगणात कुणीतरी चांदीचं तबक विसरून गेल्यासारखी दिसत होती. तिच्या पिछाडीच्या फळीवर मागे टांगायची दोन इंजिनं असायची. आज उजवं तेवढं होतं. डाव्याच्या जागी शिकंज्याचे दोन वळ उमटले होते, बस.

मालक कमलाकर धुरंधर, मुंबईचे बडे कंत्राटदार. बोईसरच्या आसपास नवी बांधकामं निघाली तशी यांच्या खडीच्या लॉऱ्या सुरू झाल्या आणि लॉऱ्यांच्या मागोमाग ही बोट आली. गृहस्थ पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी विजार आणि डोक्यावर सोनेरी नांगर भरलेली टोपी घालून उभे होते. सावे मनात म्हणाले, डोक्यावरच नांगर बांधल्यावर डोकं तळाला जायचंच.

“फौजदार, ही काय चीज आहे याची कल्पना आहे तुम्हाला?” धुरंधरांनी विचारलं.

“बोट असावी,” सावे म्हणाले.

“नुसती बोट? अहो, क्रूझर! सगळी फायबरग्लास. लाकूड औषधाला नाही. कीड नको, डांबर नको. पंचाहत्तर-पंचाहत्तर घोड्यांची दोन आउटबोर्ड. दीडशे घोडे! ताशी तीस मैल. अपोलो बंदरावरून निघालो की अडीच तासांत दांडी.”

चोरीची फिर्याद राहिली बाजूला. या माणसाने फौजदारांना अर्धा तास बोट दाखवली. केबिनमध्ये दोन गाद्या, गॅसची शेगडी, बर्फाची पेटी, हात धुवायला चिनी मातीचं भांडं. मोटारीसारखं चाक. किल्ली फिरवली की इंजिन चालू, दोरी ओढायची कटकट नाही. शिवाय उथळ पाणी आलं की इंजिनं अशी मागून वर उचलायची, म्हणजे पंखे तळाला लागत नाहीत.

“दीड फूट पाणी पुरतं हिला. दीड फूट!” धुरंधर म्हणाले. “तुमच्या या कोळ्यांच्या होड्या बघा, आणि ही बघा.”

सावे चिंचणीचे. वाडवळाच्या घरात जन्मले, पण लहानपण गेलं ते कोळ्यांच्या पोरांबरोबर चिखलात. दीडशे घोडे झाले, हाकणारं गाढव धरून एकशे एकावन्न, असा त्यांनी मनातल्या मनात आकडा लावला आणि वही उघडली.

“काल काय झालं ते सांगा.”

“काल दुपारी बारानंतर मी आणि माझा मिस्त्री रामकिसन ट्रायलला बाहेर पडलो. रविवारी बडे पाहुणे यायचेत. पाच वाजता परत येऊन इथेच नांगर टाकला. दोन्ही इंजिनं जागेवर. साडेपाचला मोटारीने बोईसर. सकाळी येऊन बघतो तर डावं गायब.”

“पाच म्हणजे पाचच?”

धुरंधरांनी मनगट पुढे केलं. “स्विस घड्याळ आहे.”

“कुणावर संशय?”

“संशय कसला, खात्रीच आहे. इथला एकनाथ तांडेल रात्री बोटीची राखण करतो. रोज इंजिनाला हात लावून बघायचा. माझ्या होडीला हे बसेल का, म्हणून विचारायचा. आज तो नाही, त्याची होडी नाही आणि माझं इंजिन नाही. हे गणित सोडवायला फौजदार तरी कशाला हवा?”

वहीत सावे यांनी ‘पाच’ हा आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल काढला.

२

दुपारी पालघरहून डेप्युटीसाहेबांचा फोन आला. साहेबांनी धुरंधरांच्या बोटीतून एकदा केळव्यापर्यंत हवा खाल्ली होती. त्यामुळे त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं.

“सावे, त्या पोराच्या बापाला आत घ्या. मोठी होडी जप्त करा. पोरगं कसं झक मारत येतं बघा.”

“साहेब, जरा पुरावा...”

“पुरावा काय पिकायला घातलाय? परवा दुपारपर्यंत मला अटक हवी.”

फोन खाली ठेवून सावे यांनी साहेबांच्या सात पिढ्यांना मनोमन नमस्कार केला आणि हवालदार मंगळ्याला घेऊन ते कोळीवाड्यात गेले.

कोळीवाडा नुकताच जागेवर येत होता. काल चैत्री पौर्णिमा. महालक्ष्मीची जत्रा लागली, तेव्हा अख्खी आळी बायकापोरांसकट दोन खटाऱ्यांत बसून डहाणूकडे गेली होती आणि आज सकाळी परत आली होती. मागे राहिला होता फक्त एकनाथ. तेव्हा काल संध्याकाळी खाडीत काय आलं, काय गेलं, हे बघायला तिथे कुत्र्यांखेरीज कुणी नव्हतं. तरी जमलेल्या पंधरा माणसांनी पंधरा गोष्टी सांगितल्या. सावे यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि एकनाथच्या बापाला पुढे बोलावलं.

दामू तांडेल साठीचा होता, ताठ, हाताला मिठाच्या भेगा.

“माजा पोर चोर नाय,” तो म्हणाला. “बाकी काय इचारायचा ता इचारा.”

“मग मागे का राहिला? सगळी आळी जत्रेला गेली, हाच एकटा कसा काय?”

“डोल लावलेली होती, सायब.”

डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. समुद्रात दोन खांब ठोकायचे, त्यांच्यामध्ये तोंड उघडं ठेवून ते बांधायचं. ओहोटीचं पाणी जोरात वाहतं आणि मासळी आपोआप पोटात जाते. मात्र पाणी पालटायच्या घटकेला माणूस तिथे हजर हवा. जाळं उचललं नाही तर उलटं पाणी त्याला पिरगाळून फाडून टाकतं. काल एकनाथ लहान होडी घेऊन एकटा जाळं उचलायला जाणार होता.

“उचललं?”

दामूने मान हलवली. “सकाळी मी दुसऱ्याची होडी घेऊन खांबावर गेलो. डोल तितंच हाय. पार उलटी होऊन फाटली. एक खांबबी मोडलाय. पुनवेच्या पान्यात मोडतो कवा कवा.”

“पळून जाणारा चोर जाळी उचलत बसत नाही, दामू.”

“बामनाचा नसंल बसत,” दामू म्हणाला. “कोळ्याचा चोर आदी जाळं उचलील, मंग चोरी करील. ती डोल इनायला माजी सून आनि मी चार महिनं बसलोय. पळायचंच होतं तर जाळं घेऊन पळाला असता. ता इंजिन घेऊन काय करील? बैलगाडीला घोडा बांदून गाडी पळते काय?”

सावे यांना हे पटलं, आणि म्हाताऱ्याचं पटतंय याचा थोडा रागही आला.

दारात एकनाथची बायको उभी होती. वत्सला. पंचविशीची असेल, हात बोंबलांच्या पाण्याने ओले. तिने जत्रेतून आणलेला नवा हिरवा चुडा भरला होता. सावे निघाले तशी पुढे आली.

“सायब, तो जिता हाय ना?”

“मी पोलीस आहे बाई, जोशी नव्हे,” सावे म्हणाले आणि चालायला लागले.

३

संध्याकाळी त्यांनी रामकिसनला बोटीवर बोलावलं. तिशीचा किरकोळ माणूस, उत्तरेकडचा. बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं. धुरंधर बोटीबद्दल जे जे पोपटासारखं बोलत होते ते सगळं याच्याकडून पाठ केलेलं असणार, हे सावे यांनी ओळखलं. अशा श्रीमंतांच्या घरात अक्कलसुद्धा नोकराकडून मागवलेली असते.

“इंजिनचं वजन किती?”

“सौ किलो समझिए, साहब.”

“एक माणूस काढून होडीत ठेवील?”

रामकिसनने उजव्या इंजिनाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “दो आदमी चाहिए.”

सावे पिछाडीपाशी उकिडवे बसले. दोन्ही इंजिनं एकदम वळावीत म्हणून त्यांना जोडणारी एक आडवी दांडी होती. तिचं एक टोक उजव्या इंजिनाला होतं, दुसरं मोकळं. पेट्रोलची नळी कापलेली नव्हती, सोडवलेली होती, आणि तिच्या तोंडात लाकडाचं छोटं बूच घट्ट बसवलेलं होतं. विजेच्या तारा गुंडाळून सुतळीने बांधल्या होत्या. सगळं कसं लग्नाच्या पंगतीनंतर भांडी आवरून ठेवावीत तसं.

“तुझी हत्यारांची पेटी उघड.”

पेटीत प्रत्येक वस्तूला आपला कप्पा होता. एका कप्प्यात तेलकट फडक्याची पुरचुंडी. सावे यांनी ती सोडली. आत बोटभर लांबीची पोलादी खीळ निघाली.

“ही कसली?”

“वो... दांडी की पिन है, साहब. बाएँ इंजिन की.”

“म्हणजे चोराने रात्री अंधारात येऊन दांडी सोडली, खिळीला तेल लावलं, फडक्यात गुंडाळली, तुझी पेटी शोधली, बरोबर तिच्या कप्प्यात ठेवली आणि पेटी बंद केली. तेल सांडून बोट घाण व्हायला नको म्हणून नळीला बूचही लावलं. भलताच संस्कारी चोर!”

रामकिसनने पेटीचं झाकण लावलं. संकटातही माणसाचा हात आपली सवय सोडत नाही. अर्धं आयुष्य उस्तादाच्या शिव्या खाऊन जी शिस्त अंगात मुरते, ती खोटं बोलायच्या वेळीही खरंच काम करून जाते.

“काल परत किती वाजता आलात?”

“जो सेठ ने बताया, साहब.”

“शेठने काय सांगितलं ते मला माहीत आहे. मी तुला विचारतोय.”

रामकिसनने एकदा बाहेर समुद्राकडे बघितलं आणि मान खाली घातली. “वही,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. इंजिन हरवलं म्हणून मिस्त्री चडफडतो, रडत नाही. हे रडणं इंजिनाचं नव्हतं.

४

एव्हाना सहा वाजत आले होते आणि खाडीतलं पाणी निघून गेलं होतं. ‘मेनका’ चिखलात एका कुशीवर कलली होती. दीडशे घोड्यांची ऐट ओहोटीला काही चालत नाही. सावे यांनी मंगळ्याला आणि आळीच्या दहा जणांना खाडीत उतरवलं. गुडघाभर चिखल तुडवत त्यांनी तोंडापासून पुलापर्यंत खाडी पालथी घातली. एक फुटकं मडकं मिळालं, दोन गंजके नांगर मिळाले आणि कुणाची तरी वहाण. इंजिन नव्हतं.

“कायपन नाय, सायब,” मंगळ्या वर येत म्हणाला. हा वाडा तालुक्यातल्या डोंगराकडचा वारली. त्याला समुद्र मुळीच आवडत नव्हता. “मंग येकनाथ घेऊनच गेला म्हना.”

“होडीत? ती होडी बघितलीस का कधी? त्यात शंभर किलोचा धोंडा टाकून वर एक माणूस बसला तर कडेपर्यंत पाणी येतं. पौर्णिमेच्या उधाणात तो ती उंबरगावला नेईल की यमपुरीला?”

“मंग इंजिन कुटं हाय?”

“तेच तर. मंगळ्या, ही खाडी रोज दोन वेळा स्वतःची झडती देते. इथे पाण्यात पडलेली टाचणीसुद्धा सहा तासांनी उघडी पडते. काठावरून उचलून नेलं म्हणावं तर चिखलात दोन माणसांच्या खोल पावलांची वाट दिसायला हवी. ती भरतीने पुसली म्हणावं, तर वर कोरड्या बांधावर काहीतरी उमटायला हवं. तिथे चिमण्यांचे पाय आहेत फक्त. याचा अर्थ काय?”

मंगळ्याला अर्थ कळला नाही. सावे यांनी त्याला नंदी म्हटलं आणि विडी दिली.

दुसऱ्या दिवशी ते बोईसरला धुरंधरांच्या कचेरीत गेले. शेठ टाय लावून कसलासा अर्ज भरत होते.

“या, फौजदार. पंचनाम्याची नक्कल हवीय मला. नवं इंजिन परदेशातून आणायचं तर परमिट लागतं, आणि परमिटला चोरीचा कागद लागतो. कोळ्याला पकडलंत?”

“अजून नाही.”

“अहो, बापाला दोन रट्टे द्या. या लोकांना भाषा एकच कळते. चोरून खायची सवयच लागलेली असते.”

सावे शांतपणे खुर्चीत बसले. त्यांना ओळखणारा कुणी तिथे असता तर तो दचकला असता.

“एक विचारायचं होतं. परवा खाडीत शिरताना काही त्रास?”

“कसला त्रास? सरळ आत आलो.”

“पाच वाजता?”

“किती वेळा सांगू? पाच.”

“पाणी पुरेसं होतं?”

“तुम्हाला बोटींतलं काही कळत नाही, फौजदार, म्हणून सांगतो.” धुरंधरांनी लेखणी ठेवली. “इंजिनं वर उचलली की मेनका दीड फुटात तरंगते. पाण्याची चिंता त्या डबड्या होड्यांनी करावी.”

“बरोबर,” सावे उठत म्हणाले. “उद्या सकाळी सात वाजता दांडीला या. रामकिसनला आणा. तुमचं इंजिन परत देतो.”

धुरंधरांच्या हातातला अर्ज निसटून खाली पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत.

५

तिजेच्या सकाळी समुद्र पार मागे सरला होता. खाडीच्या तोंडाबाहेर मैलभर अंतरावर वाळूचा एक लांब दांडा आहे. एरवी तो पाण्याखालीच असतो. पौर्णिमा-अमावास्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात मोठी ओहोटी लागते, तेव्हा तेवढं त्याचं टोक उघडं पडतं. सावे पुढे, दामू आणि आळीचे चार बाप्ये त्यांच्याबरोबर, मागे मंगळ्या रामकिसनला घेऊन, आणि शेवटी कमलाकर धुरंधर, पांढरे बूट पोटरीपर्यंत चिखलात बुडवत. टोपीवरचा नांगर तेवढा स्वच्छ होता.

“हा काय पोरखेळ चालवलाय?” ते धापा टाकत होते. “मी डेप्युटींना सांगणार आहे!”

“सांगा. तोवर चालता चालता एक हिशेब ऐका,” सावे म्हणाले. “इथल्या शेंबड्या पोरालाही येतो. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सहा तासांनी, सव्वापाचला, ओहोटीचा तळ. आणि ओहोटीही पौर्णिमेची. तुम्ही पाच वाजता खाडीत नांगर टाकलात म्हणता. तुमच्या मेनकेला दीड फूट पाणी पुरतं, कबूल. त्या वेळी खाडीत दीड फूट चिखल होता. पाणी कुठून आणलंत? बर्फाच्या पेटीतून?”

दामूच्या बरोबरचे लोक हसले. धुरंधर हसले नाहीत.

“तुम्ही बोट ठेवता अपोलो बंदरात, तिथे चोवीस तास पाणी. समुद्र निघून जातो, हे तुम्हाला कॅटलॉगात कुणी छापून दिलं नाही. खाडीत शिरायला पाणी रात्री आठाच्या पुढे आलं. म्हणजे तीन तास तुम्ही बाहेर होतात आणि ते लपवताय. का? आणि दुसरं. खाडीत इंजिन नाही. काठावर नाही. होडीतून जाणं शक्य नाही. मग ते खाडीत पोचलंच नाही! बोट आत आली तीच एका इंजिनावर. चोरी झाली ती नांगर टाकायच्या आधी, आणि त्या वेळी बोटीवर दोनच माणसं होती. एकाने शिस्तीत खीळ फडक्यात बांधून ठेवली. दुसऱ्याला तेवढीही शिस्त नव्हती.”

“मूर्खपणा! माझंच इंजिन मी कशाला टाकीन?”

“तेच बघायला आलोय. भरतीची वाट बघत थांबायला या दांड्याच्या आडोशाखेरीज जागा नाही. अंधार पडलेला, खाली सात-आठ फूट पाणी आलेलं, काठी बुडवून बघितलीत, तळ लागला नाही. तुम्हाला वाटलं, अथांग. शहरच्या माणसाला पाणी वर चढलेलं दिसतं. ते उतरणार आहे हे त्याच्या डोक्यात येत नाही.”

“सायब!” पुढे गेलेला एक कोळी ओरडला.

दांड्याच्या टोकाला, ओल्या वाळूत, अर्धं रुतून ते पडलं होतं. पांढरं झाकण, लाल पट्टा. पंख्याच्या तीन पात्यांपैकी एक मुळापासून मोडलेलं, वरच्या कवचाचा टवका उडालेला. आणि पंख्याच्या दांड्याला काथ्याचा जाड दोर अकरा-बारा वेढे घालून असा आवळला होता की सुरीचं पातंही आत शिरलं नसतं. दोरात जाळ्याची हातभर चिंधी अडकली होती.

दामू गुडघ्यांवर बसला. त्याने दोराचं टोक बोटांत धरून उलगडलं, पीळ बघितला, सांधा बघितला.

“ह्यो दोर मी वळलाय,” तो म्हणाला. “आमच्या डोलीचा हाय.”

मग कुणी काही विचारायच्या आतच रामकिसनने हात जोडले.

“साहब, सेठ चला रहे थे. पूरी रफ़्तार में थे, पीछे मुड़कर फेन देख रहे थे. मैं चिल्लाया, खंबा, खंबा! होडी खंबे से बँधी थी. बीच से दो टुकड़े हो गई...”

“गप्प बस!” धुरंधर किंचाळले.

“आदमी?” सावे यांनी विचारलं.

“पानी में था. मोडलेला खांब पकडके.” भीतीने त्याच्या हिंदीत मराठी मिसळायला लागली होती. “ज़िंदा था, साहब. हाथ हिला रहा था. मैंने कहा, सेठ, बोट घुमाओ. सेठ बोले, दूसरा इंजिन भी जाल में फँसेगा, बोट जाएगी. निकल आए. फिर बोले, इंजिन पर दोर है, टवका है, कोई भी पूछेगा कहाँ मारा. उतार दो. मैंने उतारा. मैंने, अपने हाथ से.”

वारा पडला होता. दूरवर ओहोटीच्या पाण्यात डोलीचे खांब दिसत होते, आणि त्यांत एक आखूड, भरतीला पुरता पाण्याखाली जाईल असा.

धुरंधर आता वेगळ्याच आवाजात बोलू लागले. अपघात कुणाच्याही हातून होतो. किती किमती बोट आहे. उतरतं ऊन डोळ्यांवर येत होतं. त्या बाईला ते वाऱ्यावर सोडणार नाहीत, हवं ते देतील. बोलता बोलता त्यांनी सावे यांच्या दंडावर हात ठेवला.

सावे यांनी तो हात, चिखलाचा डाग झटकावा तसा, दूर केला. “ताशी तीस मैल, नाही का? आणि एक बुडता माणूस उचलायला तीस हात मागे यायचं तर तुमच्या दीडशे घोड्यांतला एकही वळला नाही. धुरंधर, मी चोर बघितलेत, दरोडेखोर बघितलेत, बायकोला विहिरीत ढकलणारे बघितलेत. त्यातल्या एकाने तरी मागे वळून बघितलं होतं. तुम्ही बघितलंत ते आपला फेस कसा दिसतो ते. मंगळ्या, बेड्या घाल याला. आणि ती टोपी काढ आधी. नांगराचा अपमान होतो.”

६

कोळीवाड्यात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. दामूच्या अंगणात सगळी आळी जमली होती. दामू मध्ये उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“माजा पोर चोर नवता. फौजदारसायबांनी काडलं सोदून. आपल्या आळीला कलंक नाय लागला.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणी सावे यांच्या पाया पडलं. मच्छीमार सोसायटीचा म्हातारा चेअरमन म्हणाला की पोर गेला, पण नाव ठेवून गेला. दोन दिवस तोंड लपवून बसलेली माणसं मोकळी झाल्यासारखी बोलू लागली. सावे यांनाही, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. डेप्युटीसाहेबांना आता फोनवर काय काय ऐकवायचं, याची ते मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. जन्मभर जगाला तुच्छ मानून एखाद्या दिवशी तरी असं बरोबर ठरायला मिळावं लागतं.

वत्सला ओट्यावर खांबाला टेकून उभी होती. ती खाली उतरली आणि सावे यांच्या समोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“तो जिता होता? खांब धरून?”

“हो, बाई.”

“हात हालवीत होता?”

सावे यांनी होकारार्थी मान हलवली.

“तुमी लय हुशार हाव, सायब,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसतं सांगितल्यासारखं सांगितलं. “ही सगळी मानसं तीन दिस देवीला मागत होती, येकनाथ चोर नसू दे. मामंजींनीबी ताच मागितला. मी येकलीच मागत होती, चोर असू दे. इंजिन चोरून तिकडं गुजरातेत कुटं बसला असू दे. लोक थुकले असते माज्या तोंडावर, चाललं असतं. चोर असता, तर कवातरी घरी आला असता.”

सावे यांच्याकडे प्रत्येकासाठी काही ना काही टोचणारं असायचं, डेप्युटींसाठी, शेठसाठी, देवासाठीसुद्धा. आज त्यांनी नुसती टोपी काढून हातात धरली. वत्सलाने दारातला पाटा ओढला, हात पुढे केला आणि स्वतःच हिरव्या बांगड्या फोडायला बसली. बायका तिला धरायला धावल्या.

दामू तांडेल इतका वेळ ताठ उभा होता. तो तिथेच खाली बसला आणि पोरासाठी पहिल्यांदाच रडायला लागला.